हार्ड डिस्क दिसते, पण संगणक जागा होत नाही!

विद्यार्थी मित्रहो, समजा तुमच्या घरचा दहा-बारा वर्षांचा जुना संगणक एके दिवशी बंद पडला. दुरुस्ती करणाऱ्याने तपासून सांगितले, की मदरबोर्ड जळला आहे. तुमच्या ताईने वर्षभराची शिल्लक खर्चून नवा मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, असे सुटे भाग आणले आणि दोन दिवस खपून नवा संगणक जोडला. हार्ड डिस्क मात्र जुन्यातलीच काढून बसवली. कारण तिच्यात आजोबांच्या हयातीतली छायाचित्रे आहेत, बाबांच्या दुकानाचा हिशेब आहे. सारे जोडून झाल्यावर कळ दाबली. पंखा फिरला, पडदा उजळला, मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह झळकले आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीतली एकच ओळ उमटली. तिचा अर्थ असा, की 'ज्यावरून सुरू व्हावे असे उपकरण सापडत नाही.'

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारचे काका म्हणतात, "डिस्क गेली, नवी घ्या." दुसरा कोणी म्हणतो, "फॉरमॅट मारून टाका, लगेच सुरू होईल." फॉरमॅट करणे म्हणजे डिस्कवर काय कोठे ठेवले आहे याची यादीच पुसून नवी कोरी यादी मांडणे. एकदा ती पुसली, की आतले साहित्य परत मिळवणे फार कठीण आणि पुष्कळदा अशक्य होते. मग करावे काय? घाईने काही करण्याआधी संगणक जागा कसा होतो हे समजून घेऊ. ते एकदा कळले, की दोष कोठे आहे हे बहुतेक वेळा नुसत्या विचारानेच सांगता येते.

बुटाचा पट्टा आणि न्यूटनचा नियम

संगणक सुरू होण्याच्या क्रियेला 'बूट होणे' म्हणतात. या शब्दाचा खरोखरच पायातल्या बुटाशी संबंध आहे. उंच बुटाच्या मागे चामड्याचा एक पट्टा असतो. तो धरून बूट पायात ओढून घ्यायचा. आपल्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला जमिनीवरून उचलणे अशी इंग्रजीत एक म्हण आहे. न्यूटनचे नियम शिकलेल्या तुम्हांला हे अशक्य आहे हे सांगायला नको. टोपलीत बसून टोपलीचीच कडी कितीही ओढली तरी टोपली वर जात नाही!

संगणकापुढेही अगदी असाच पेच असतो. प्रोसेसर फक्त स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, असलेल्या आज्ञा पाळतो. पण रॅममधली माहिती ही अतिसूक्ष्म धारित्रांवरील विद्युतभाराच्या रूपात असते. हा भार सतत गळत असतो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली, की रॅम कोरी. तेव्हा कळ दाबल्यावर प्रोसेसरपुढे पाळायला एकही आज्ञा नसते. आज्ञा आहेत हार्ड डिस्कवर. डिस्कवरून त्या वाचायच्या कशा, हे सांगणारी आज्ञा मात्र रॅममध्ये हवी!

सुरुवातीच्या काळात हा पेच माणूसच सोडवत असे. अमेरिकेत १९६५ साली आलेल्या पीडीपी-८ या संगणकाच्या दर्शनी भागावर खटक्यांची ओळ होती. चालवणाऱ्याने ते खटके वर-खाली करून पंधरा-सोळा आज्ञा हाताने स्मृतीत भरायच्या. या एवढ्याशा आज्ञांना एकच गोष्ट येत असे. भोके पाडलेल्या कागदी फितीवरून त्यांच्याहून थोडा मोठा कार्यक्रम वाचून घेणे. तो मोठा कार्यक्रम मग खरा कार्यक्रम वाचून घेई. म्हणजे लहानाने मोठ्याला आणि मोठ्याने त्याहून मोठ्याला उठवायचे. आजचा संगणकही याच रीतीने उठतो. फरक एवढाच, की पहिल्या आज्ञा आता मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमच्या साठवलेल्या असतात. या चिपमधला विद्युतभार विद्युतरोधकाने वेढलेला असल्यामुळे वीज नसतानाही तो टिकून राहतो.

पाच कड्यांची साखळी

तेव्हा कळ दाबल्यापासूनचा क्रम असा मांडता येईल.

पहिली कडी विजेची. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे तयार करतो. ते स्थिर झाले, की मदरबोर्डला 'वीज ठीक आहे' असा एक संकेत पाठवतो. तोपर्यंत प्रोसेसरला थोपवून धरलेले असते.

दुसरी कडी चिपमधल्या कार्यक्रमाची. याला पूर्वी बायोस म्हणत. आता त्याच्या जागी यूईएफआय नावाची नवी पद्धत आली आहे, पण बोलताना लोक अजूनही बायोसच म्हणतात. हा कार्यक्रम रॅम, पडदा आणि कळफलक यांची हजेरी घेतो.

तिसऱ्या कडीत बायोस हार्ड डिस्कला हाक मारतो आणि डिस्क आपले नाव आणि आपली धारणक्षमता सांगते.

चौथ्या कडीत बायोस डिस्कवरच्या ठरावीक जागी जाऊन 'लोडर' नावाचा छोटा कार्यक्रम उचलतो.

पाचव्या कडीत हा लोडर विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीचा गाभा रॅममध्ये आणतो आणि कारभार तिच्या हाती सोपवून मोकळा होतो.

रिले शर्यतीत प्रत्येक धावपटूला पुढच्या गड्याची जागा तेवढी ठाऊक असावी लागते. शर्यत कोठे संपते याच्याशी त्याला कर्तव्य नसते. येथेही तसेच आहे. बायोसला विंडोज म्हणजे काय हे कळत नाही. त्याला लोडर कोठे शोधायचा एवढेच ठाऊक असते. म्हणून शर्यत अडली, तर काठी शेवटी कोणाच्या हातात दिसली होती हे पाहायचे. जी शेवटची गोष्ट नीट घडलेली आपण डोळ्यांनी पाहिली आणि जी पहिली गोष्ट घडली नाही, त्या दोहोंच्या मध्ये दोष असतो. हा नियम नीट ध्यानात ठेवा, पुढे सर्वत्र तोच वापरायचा आहे.

पडद्यावरची ओळ काय सांगते?

आता ताईच्या संगणकाकडे वळू. पडद्यावर उमटलेली ती ओळ कोणी लिहिली? विंडोजने नव्हे, ती तर अजून डिस्कवर झोपलेली आहे. ती ओळ बायोसने लिहिली. बायोस पडद्यावर लिहू शकला याचा अर्थ एसएमपीएस वीज देतो आहे, प्रोसेसर आज्ञा पाळतो आहे, रॅम निदान कामापुरती चालते आहे आणि पडदाही ठीक आहे. ज्या ओळीने सर्वांची तोंडे उतरली, तीच ओळ पहिल्या दोन कड्या शाबूत असल्याचे प्रमाणपत्र आहे! ताईने नव्याने विकत आणलेले भाग बहुतांशी निर्दोष ठरले. आता राहिल्या तीन कड्या.

गणपतीच्या आरासीतली बत्तीस दिव्यांची एकसरी माळ पेटत नसेल, तर जाणता माणूस पिन काढून घेतो आणि मल्टिमीटरने आधी सोळा-सोळा दिव्यांचे दोन भाग तपासतो. ज्या भागात मार्ग तुटलेला आहे, त्याचे पुन्हा दोन भाग करतो. सोळा, आठ, चार, दोन, एक. पाच तपासण्यांत दोषी दिवा सापडतो. आपण नेमके हेच करत आहोत. पुढचा प्रश्नही उरलेल्या शक्यतांचे दोन भाग करणाराच असावा. तो प्रश्न असा, की बायोसला डिस्क दिसते का?

डिस्क दिसत नसेल तर

कळ दाबल्याबरोबर डिलीट किंवा एफ-२ ही कळ वारंवार दाबली, की बहुतेक मदरबोर्डांवर बायोसचे पान उघडते. तेथे जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तीत आपल्या हार्ड डिस्कचे नाव नसेल, तर तिसरी कडी तुटली आहे.

हार्ड डिस्कला साटा पद्धतीच्या दोन केबली लागतात. सात संपर्कांची अरुंद केबल माहितीची आणि पंधरा संपर्कांची रुंद केबल विजेची. नव्या जोडणीत यांतली एखादी अर्धवट बसलेली असते. संगणक बंद करून, पिन काढून दोन्ही पुन्हा घट्ट बसवाव्यात. मग माहितीची केबल बदलून पाहावी, नंतर मदरबोर्डवरचे दुसरे खाचे वापरून पाहावे. काही मदरबोर्डांवर एम-२ नावाच्या खाचेत नवी पातळ डिस्क बसवली, की साटाचे एखादे खाचे आपोआप बंद होते. सोबत आलेल्या पुस्तिकेत ते लिहिलेले असते.

येथे एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. काही एसएमपीएसच्या विजेच्या केबली सुट्या होतात. एका एसएमपीएसची केबल दुसऱ्याच्या खाचेत बसते, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. तसे झाले तर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क क्षणात जळते. म्हणून एसएमपीएससोबत आलेलीच केबल वापरावी.

डिस्कला वीज मिळते आहे का, हे कानाने आणि बोटाने कळते. साधारण हार्ड डिस्कची चकती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ७,२०० ला ६० ने भागा, म्हणजे सेकंदाला १२० फेरे! कळ दाबल्यावर डिस्कच्या कवचाला कडेने हलकेच बोट लावले, की बारीक कंप जाणवतो. कंप मुळीच नसेल, तर आधी विजेच्या केबलीचा संशय घ्यावा. कंपाऐवजी 'टक्, टक्' असा ठरावीक अंतराने आवाज येत असेल, तर आतल्या यांत्रिक भागात बिघाड असण्याचा संभव फार आहे. अशी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. प्रत्येक खेपेला नुकसान वाढते. आतली माहिती मोलाची असेल, तर डिस्क तशीच बंद ठेवून जाणकाराकडे द्यावी.

डिस्क दिसते, तरीही?

समजा यादीत डिस्कचे नाव आहे आणि क्षमताही बरोबर आहे. मग केबली, वीज आणि खाचे यांवरचा संशय जवळजवळ मिटला. आता चौथी कडी.

पहिली गोष्ट अगदी साधी आहे. बायोसमध्ये कोणत्या उपकरणावरून सुरू व्हायचे याचा क्रम लिहिलेला असतो. त्यात आपली डिस्क आहे ना, हे पाहावे. मागे एखादा पेनड्राइव्ह विसरून राहिला असेल, तर तो काढावा.

एवढे करूनही तीच ओळ आली, तर खरे कारण बहुधा इतिहासात सापडेल. १९८३ साली आयबीएम कंपनीच्या पीसी-एक्सटी या संगणकाबरोबर १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. त्या वेळी असे ठरले, की डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिले ५१२ बाइट, हा राखीव ठेवायचा. त्यातले ४४६ बाइट छोट्या कार्यक्रमाचे. पुढचे ६४ बाइट डिस्कच्या कप्प्यांच्या नोंदीचे, दर नोंदीला १६ बाइट म्हणजे चारच नोंदी. शेवटचे दोन बाइट खुणेचे. द्विमान पद्धतीत ती खूण अशी: ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. ही खूण दिसली, की बायोस समजे, येथून सुरू होता येईल. या पद्धतीला एमबीआर म्हणतात.

ही पद्धत पुढे अपुरी पडली. तिच्यात सेक्टरचा क्रमांक ३२ द्विमान अंकांत लिहितात. ३२ अंकांत ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे क्रमांक लिहिता येतात. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा धरला, तर गुणाकार होतो सुमारे २ लाख २० हजार कोटी बाइट, म्हणजे आपण ज्याला दोन टेराबाइट म्हणतो तेवढा. त्याहून मोठ्या डिस्कच्या पुढल्या भागाला पत्ताच देता येईना! म्हणून जीपीटी ही नवी पद्धत आली. तिच्यात क्रमांकासाठी ६४ अंक आहेत. तिच्या जोडीने यूईएफआय आले. २००५ साली अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन त्याच्या मानकासाठी मंच स्थापन केला. यूईएफआय पहिल्या सेक्टरातला कार्यक्रम चालवत नाही. ते डिस्कवरचा एक खास कप्पा शोधते आणि त्यातली लोडरची फाइल वाचते.

आता ताईच्या संगणकाचे कोडे सुटले! डिस्क जुन्या पद्धतीची. तिचा लोडर पहिल्या सेक्टरात बसलेला. नवा मदरबोर्ड मात्र खास कप्पा शोधतो आहे. तो कप्पा त्या डिस्कवर कधी नव्हताच. म्हणून तो सांगतो, 'सुरू व्हावे असे उपकरण सापडत नाही.' त्याचे म्हणणे त्याच्यापुरते खरे आहे. त्यावरून 'डिस्क गेली' हा निष्कर्ष काढणे मात्र चूक. डिस्कवरची माहिती ही चुंबकीय कणांच्या दिशेच्या रूपात असते. वीज गेली, मदरबोर्ड जळला, म्हणून ती दिशा बदलत नाही.

खात्री करून घेण्याचा प्रयोग

अनुमान कितीही सुंदर असले तरी प्रयोगाने पडताळल्याशिवाय भौतिकशास्त्र ते स्वीकारत नाही. येथे प्रयोग सोपा आहे. दुसऱ्या संगणकावर एका रिकाम्या पेनड्राइव्हवर लिनक्स तयार करून घ्यावे. पुष्कळ प्रकारचे लिनक्स डिस्कला हात न लावता थेट पेनड्राइव्हवरून चालते. ते सुरू झाल्यावर 'इन्स्टॉल' हा पर्याय मुळीच निवडू नये. नुसते पाहण्याचा पर्याय घ्यावा आणि जुनी डिस्क उघडावी. छायाचित्रे दिसली, तर डिस्क, केबल आणि खाचे ही तिन्ही निर्दोष ठरली. तेव्हाच, दुसरे काहीही करण्याआधी, साऱ्या महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. डिस्कवर सांकेतिक कुलूप घातलेले असेल, तर मात्र फाइली दिसणार नाहीत. त्या वेळी मालकाने जपून ठेवलेला परवलीचा क्रमांक लागतो.

यानंतर दोन मार्ग उरतात. काही मदरबोर्डांच्या बायोसमध्ये सीएसएम नावाची सोय असते. ती चालू केली, की मदरबोर्ड जुन्या रीतीने पहिला सेक्टर वाचतो. पण पुष्कळ नव्या मदरबोर्डांवर ही सोय उरलेली नाही. शिवाय काठी लोडरच्या हातात पोहोचली तरी पाचवी कडी अडू शकते. डिस्कवरची जुनी विंडोज जुन्या मदरबोर्डसाठी बसवलेली असते. नव्याच्या डिस्क-नियंत्रकाशी बोलण्याची भाषा तिला येत नसेल, तर विंडोजचे चिन्ह दिसते आणि लगेच संगणक पुन्हा सुरू होतो किंवा निळा पडदा येतो. त्यातून डिस्कवर विंडोज ७ असेल, तर तिला सर्वसाधारण वापरासाठी मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या २०२० सालीच थांबल्या आहेत.

म्हणून दुसरा मार्ग अधिक चांगला. एक लहानशी नवी डिस्क घेऊन तिच्यावर नवी कार्यप्रणाली बसवावी. ती बसवताना जुन्या डिस्कच्या केबली काढून ठेवाव्यात, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिले जाण्याची भीतीच नको. काम झाले, की जुनी डिस्क दुसरी म्हणून पुन्हा जोडावी. तिच्यावरून सुरू व्हायचे नसले, तर तिची पद्धत जुनी असली तरी बिघडत नाही. तिच्यातल्या फाइली नव्या कार्यप्रणालीला जशाच्या तशा वाचता येतात.

तीन नियम आणि तीन प्रश्न

या साऱ्या खटाटोपातून तीन नियम निघतात. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुरू झाला, तरी दोष कशात होता हे कळत नाही. दुसरे, प्रत्येक बदल आणि त्याचा परिणाम प्रयोगवहीत लिहा. तिसरे, जी कृती उलटवता येत नाही ती सर्वांत शेवटी ठेवा. केबल बदलली तर पुन्हा पहिली लावता येते, पण पुसलेली डिस्क पूर्ववत होत नाही. संगणकाचे झाकण उघडायचे असेल, तर घरच्या मोठ्या माणसांना सोबत घ्या, पिन काढा, आणि आत हात घालण्याआधी धातूच्या पेटीला स्पर्श करून अंगावरचा स्थितिक विद्युतभार घालवा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. पिन काढल्यावरही आतली धारित्रे काही काळ भारित राहतात.

आता थोडे डोके चालवा. खालील प्रत्येक लक्षणावरून कोणती कडी तुटली असावी?

१. कळ दाबली, पण पंखासुद्धा हलला नाही.

२. पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो आणि बीप-बीप असा आवाज येत राहतो.

३. संगणक रोज सकाळी चुकीची तारीख दाखवतो आणि मधूनच 'सुरू व्हावे असे उपकरण सापडत नाही' म्हणतो.

उत्तरे: पहिल्यात विजेची कडी. आधी भिंतीवरचे बटण, मग केबली तपासा. दुसऱ्यात दुसरी कडी. बायोस जागा आहे, पण हजेरीत कोणीतरी गैरहजर आहे. बहुधा रॅम नीट बसलेली नाही. तिसऱ्यात मदरबोर्डवरचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपत आला आहे. संगणक बंद असताना घड्याळ त्यावरच चालते. काही मदरबोर्डांवर बायोसमधला सुरू होण्याचा क्रमही त्याच सेलच्या जोरावर लक्षात राहतो. सेल संपला, की क्रमाचाही विसर पडतो आणि मग बायोस भलत्याच दाराशी जाऊन उभा राहतो.